डोकें, पोट आणि काळीज : योरुबा भाषांतराची एक हकीकत

मनुष्याचें शरीर पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र सारखेंच आहे. दोन डोळे, दोन कान, एक नाक, एक तोंड; देश बदलला म्हणून यांत अधिकउणें होत नाहीं. यावरून एखाद्यास सहजच वाटेल कीं, एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत जातांना निदान अवयवांचीं नांवें तरी बिनधोक पलीकडे नेतां येतील. आत्मा, पुण्य, न्याय असल्या शब्दांवर पंडितांनीं खुशाल वाद घालावा. पण नाकाला नाक आणि हाताला हात म्हणण्यांत अडचण ती कसली? श्रोतेहो, आज मी जी हकीकत सांगणार आहें, तिनें ही समजूत पार खोटी ठरविली आहे. आणि पुराव्यासाठीं फार दूर जावयास नको. आत्तांच मीं 'पृथ्वीच्या पाठीवर' असें म्हणून गेलों. पृथ्वीला पाठ कोठून आली, असें आपणांपैकीं कोणी मनांत तरी विचारलें काय?

पश्चिम आफ्रिकेंत नायजेरिया देशाचा नैर्ऋत्य भाग आणि त्याला लागून असलेला बेनिन देशाचा कांहीं प्रदेश, हें योरुबा भाषेचें माहेर. ती बोलणारांची संख्या आज कोटींनीं मोजावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या प्रदेशांत यादवी माजली. गांवें लुटलीं गेलीं, आणि धरलेलीं माणसें समुद्रकांठीं आणून गुलाम म्हणून जहाजांवर चढविलीं जाऊं लागलीं. इंग्लंडनें १८०७ सालीं आपल्या प्रजेस हा व्यापार करण्याची मनाई केली होती. पुढें इंग्रजी आरमाराचीं जहाजें अटलांटिक समुद्रांत गस्त घालीत, गुलामांनीं भरलेलीं गलबतें पकडीत आणि त्यांतील माणसांना सिएरा लिओन येथील फ्रीटाऊन बंदरांत उतरवून मोकळीं करीत. आफ्रिकेच्या नाना भाषा बोलणारीं माणसें येणेंप्रमाणें एकाच गांवांत गोळा झालीं.

भाषाभ्यासकांस अशी पर्वणी पुन्हा कोठें मिळणार? हॅना किल्हॅम या बाईंनीं १८२८ सालीं तेथील भाषांचे नमुने छापले. कोएले नांवाच्या जर्मन मिशनऱ्यानें पुढें १८५४ सालीं एक प्रचंड कोष्टक प्रसिद्ध केलें. त्यांत दीडशेंहून अधिक भाषांतील शब्द शेजारीं शेजारीं मांडलेले आहेत. डोकें, केस, कपाळ, नाक, डोळा, कान हे शब्द त्यांत ओळीनें आले आहेत. अशा यादीची पद्धति ठरलेली असते. डाव्या रकान्यांत इंग्रजी शब्द लिहावयाचा, आपल्या त्या अवयवावर बोट ठेवून समोरच्या माणसास 'याला काय म्हणतां?' म्हणून विचारावयाचें, आणि तो जें सांगेल तें उजव्या रकान्यांत टिपावयाचें. या श्रमाची थोरवी मी कमी लेखीत नाहीं. परंतु यांत प्रश्न नेहमीं डावा रकाना विचारतो आणि उजव्या रकान्यानें केवळ उत्तर द्यावयाचें असतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

हा उजवा रकाना ज्यानें बोलता केला, तो पुरुष असाच एका गलबतांतून फ्रीटाऊनला उतरलेला होता. त्याचें नांव अजायी. योरुबा लोकांत जन्माच्या वेळीं मूल ज्या स्थितींत बाहेर येतें, तिच्यावरून कांहीं नांवें आपोआप ठरतात. जें मूल पालथें, तोंड खालीं करून जन्मतें तें अजायी. १८२१ सालीं त्याच्या ओशोगुन गांवावर धाड पडली, तेव्हां तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. हातोहात विकला जात तो लेगॉसच्या किनाऱ्यास पोंचला आणि १८२२ च्या एप्रिलांत पोर्तुगीज गलबतावर चढविला गेला. तें गलबत इंग्रजी आरमारानें पकडलें. फ्रीटाऊनच्या शाळेंत तो शिकला, १८२५ सालीं त्याचा बाप्तिस्मा होऊन तो सॅम्युएल क्राउदर झाला, १८२७ सालीं निघालेल्या फूरा बे येथील विद्यालयाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत त्याची गणना झाली. १८४३ सालीं त्यास धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, आणि त्याच सालीं त्याचा योरुबा शब्दसंग्रह छापून निघाला. पुढें १८४६ सालीं तो आबेओकुटा शहरीं उपदेशक म्हणून गेला असतां, पंचवीस वर्षांपूर्वीं ताटातूट झालेली त्याची आई तेथें त्याला जिवंत भेटली. १८६४ सालीं तो बिशप झाला. इंग्रजी धर्मसंस्थेंत त्या पदास चढलेला तो पहिला आफ्रिकन.

क्राउदरच्या कामाचें मर्म असें कीं, योरुबा ही त्याची मायबोली असूनही त्यानें ती गृहीत धरली नाहीं. लहानपणींच तिच्यापासून तुटलेला तो माणूस वडीलधाऱ्यांच्या बैठकींत बसून शब्द ऐके, म्हणी टिपी. १८५२ सालीं त्याचा वाढविलेला कोश निघाला, त्यांत पानोपानीं म्हणी आहेत. शब्दाचा अर्थ तो शब्द रोज वापरणाऱ्याच्या तोंडूनच कळावयाचा, ही त्यामागील दृष्टि. १८६२ सालीं लेगॉस येथील त्याच्या घराला आग लागली आणि १८५२ नंतर जमविलेले शब्द व म्हणी, तसेंच भाषांतराचे कांहीं कागद जळून गेले. तरीही त्यानें काम सोडलें नाहीं. टॉमस किंग आदि सहकाऱ्यांच्या मदतीनें नवा करार झाला, आणि संपूर्ण योरुबा बायबल १८८४ सालीं पुरें झालें.

आतां प्रत्यक्ष शब्दांकडे वळूं.

आरंभ चेहऱ्यापासूनच करावा. इंग्रजींत डोळा निराळा, तोंड निराळें आणि चेहरा निराळा. तिन्हींस तीन शब्द. आपल्या मराठींत 'तोंड धुऊन ये' म्हणतांना आपण चेहरा आणि मुख या दोहोंस एकच शब्द वापरतों. योरुबा भाषेंतही दोहोंचें एक केलेलें आहे, पण जोडी वेगळी. तेथें 'ओजू' म्हणजे डोळा, आणि ओजू म्हणजेच चेहरा. तोंडाला मात्र 'एनु' हा स्वतंत्र शब्द. म्हणजे चेहरा हा मराठी माणसाला मुखाचा विस्तार वाटतो, योरुबा माणसाला डोळ्याचा विस्तार वाटतो, आणि इंग्रजाला तो कोणाचाच विस्तार वाटत नाहीं. तिघांचे चेहरे मात्र एकाच मापाचे!

हातापायांची गोष्ट याच्या उलट. इंग्रज मनुष्य मनगटाच्या अलीकडे एक शब्द वापरतो आणि पलीकडे दुसरा. पायाचेंही तसेंच, घोट्याशीं त्याची सरहद्द बदलते. आपल्या वर्गांतील मुलें या ठिकाणीं हटकून चुकतात, कारण मराठींत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच आणि मांडीपासून तळव्यापर्यंत सगळा पायच. योरुबा मूलही याच जागीं अडखळतें. कारण त्याचा 'ऑवॉ' आपल्या हातासारखा आणि 'एसे' आपल्या पायासारखा सैल आहे. दंडासाठीं वेगळा शब्द आहे खरा, पण रोजच्या बोलण्यांत ऑवॉनें काम भागतें. मनगटाला त्यांनीं फार गोड नांव दिलें आहे. तें म्हणजे 'हाताची मान'. घोटा म्हणजे अर्थातच 'पायाची मान'.

अवयवांचे शब्द शरीराबाहेर पडून जगभर कसे पसरतात, तेंही पाहण्यासारखें आहे. नदीचा कांठ म्हणजे योरुबांत नदीचा कान. दार म्हणजे वाटेचें तोंड. हवामान म्हणजे दिवसाचा चेहरा, किंवा म्हणा डोळा. 'वर' हें अव्यय डोक्यापासून झालें आहे, 'आंत' हें पोटापासून आणि 'मागें' हें पाठीपासून. आपलें 'पाठीमागें' तरी दुसरें काय आहे? डोंगराला आपणही माथा दिला आहे. इंग्रज सुईच्या भोंकाला डोळा म्हणतो, योरुबाही डोळाच म्हणतो. आपण मात्र तेथें नाक बसविलें आहे. कोणी कोणाचें उसनें घेतलें नाहीं. ज्याला जो अवयव जवळचा वाटला, त्यानें तो उचलला.

येथपर्यंत सारा मौजेचा भाग झाला. खरी कसोटी लागते ती मनोविकारांच्या शब्दांपाशीं. इंग्रजी भाषेंत माया, शोक, धैर्य यांचें बिऱ्हाड हृदयांत आहे आणि विचाराचें डोक्यांत. योरुबा भाषेंत हें बिऱ्हाड 'इनू'मध्यें आहे. इनू म्हणजे पोट, आणि इनू म्हणजे कोणत्याही वस्तूचा आंतला भाग. आनंद म्हणजे 'इदुन्नू', पोटाची गोडी. राग म्हणजे 'इबीनू', त्यांतही पोट आहेच. दुःख म्हणजे 'इबानुजे', पोट नासणें. आणि विचार? 'इरोनू', तोही पोटांतला. निश्चय म्हणजे 'इपिन्नू', पोटांतल्या पोटांत केलेला निवाडा. दयाळू मनुष्य तो चांगल्या पोटाचा. इंग्रजास हें ऐकून हसूं येईल. पण ज्या भाषेंत अपराध पोटांत घालतात, गुपित पोटांत ठेवतात, ज्या भाषेंत 'पोटांत एक आणि ओठांत एक' असणाऱ्याला लबाड म्हणतात, त्या भाषेच्या लेकरांना यांत हसण्यासारखें कांहीं दिसूं नये.

आतां विचार करा. बायबलांत सर्वांत मोठी म्हणून जी आज्ञा सांगितली आहे, तींत देवावर प्रेम करण्याचीं तीन स्थानें आलीं आहेत: हृदय, जीव आणि बुद्धि. यादी घेऊन बसलेल्या भाषांतरकारानें हृदयासमोर हृदय लिहिलें असतें आणि बुद्धीपाशीं येऊन तो डोकें खाजवीत बसला असता. जुन्या योरुबा बायबलांत मॅथ्यूच्या शुभवर्तमानांत काय केलें आहे? हृदयाच्या जागीं 'आया', म्हणजे छाती. जिवाच्या जागीं 'ऑकान', म्हणजे हृदय. आणि बुद्धीच्या जागीं इनू, म्हणजे पोट. एकही अवयव यादीबरहुकूम नाहीं, आणि तरी अर्थ जेथल्या तेथें बसला आहे. त्याच ग्रंथांत निर्मळ अंतःकरणाच्या माणसास 'पांढऱ्या पोटाचा' असें म्हटलें आहे. ज्या श्रोत्यासाठीं हें केलें, त्याला त्यांत पोटही दिसलें नसेल आणि पांढरा रंगही. त्याला निर्मळ माणूसच दिसला असेल. भाषांतर साधलें कीं नाहीं, याची याहून दुसरी खूण मला ठाऊक नाहीं.

पोटाहूनही नाजूक शब्द डोक्याचा. 'ओरी' म्हणजे डोकें. 'ओलोरी', डोकें असलेला, म्हणजे पुढारी. येथवर इंग्रजी आणि योरुबा हातांत हात घालून चालतात. परंतु ओरी म्हणजे दैवही आहे. योरुबा परंपरा सांगते कीं, जन्माला येण्यापूर्वीं प्रत्येक जीव अजाला नांवाच्या कुंभाराकडे जाऊन आपलें डोकें स्वतः निवडतो. तें भाजलेलें पक्कें आहे कीं कच्चें, हें पुढें आयुष्यांत कळतें. या अंतरींच्या ओरीची पूजा होते, त्यासाठीं कवड्यांनीं मढविलेला लहानसा देव्हारा करीत. म्हणून इंग्रजींत एखाद्याचें डोकें चांगलें आहे म्हटलें तर तो हुशार ठरतो. योरुबांत चांगल्या डोक्याचा म्हणजे दैववान, आणि वाईट डोक्याचा म्हणजे करंटा, मग तो बुद्धीनें बृहस्पति कां असेना. 'वाईट डोक्याचा' ही तर तेथें जहरी शिवी समजली जाते. इंग्रजींत या शब्दास जोड सांपडत नाहीं. मराठींत मात्र ती हाताशींच आहे. आपण डोक्याऐवजीं दोन बोटें खालीं उतरलों, इतकेंच. 'कपाळ फुटलें' म्हणतांना वैद्याला कोण बोलावतो?

नित्याच्या बोलण्यांतही हेच खांचखळगे. इंग्रज मनुष्य डोकेदुखी जवळ बाळगतो, जणूं ती त्याच्या मालकीची वस्तु. योरुबा म्हणतो, 'डोकें मला फोडतें आहे'. लाज वाटली कीं तो लाजेचा सारा दोष डोळ्याकडे देतो, आश्चर्य वाटलें कीं तोंडाकडे. कामांत असला कीं 'हात रिकामा नाहीं' या अर्थाचें बोलतो. मदत करणें या शब्दांत त्याच्याकडे हात आहे, जसा आपल्या हातभारांत आहे. शांत हो, धीर धर, असें सांगावयाचें तर तो म्हणतो, 'यकृताला विसांवा दे'. धीट माणसाला छाती असते. ही छाती आपल्याही ओळखीची आहे. 'दुन' या क्रियापदाचा तर मोठा चमत्कार. त्याचा एक अर्थ गोड असणें, आणि तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या दुनचा अर्थ दुखणें. 'इनू मी दुन' म्हणजे मला आनंद झाला. 'ओ दुन मी' म्हणजे तें मला लागलें. यादींत या दोहोंची ओळ एकच दिसेल, आणि ज्याला प्रसंग ठाऊक नाहीं तो रडणाऱ्याचें अभिनंदन करील.

याशिवाय आणखी एक संकट आहे, तें सुरांचें. योरुबा भाषेंत खालचा, मधला आणि वरचा असे तीन सूर असून सुरावरून अर्थ बदलतो. तेथील शाळांतून हे सूर पाश्चात्य संगीतांतील पहिल्या तीन स्वरांनीं शिकवितात; आपण सा, रे, ग म्हणावें. 'ऑवॉ' हा शब्द रे-ग असा म्हटला तर हात, रे-सा म्हटला तर केरसुणी, आणि सा-सा म्हटला तर आदर. 'ऑरुन' रे-सा म्हटला तर मान, सा-रे म्हटला तर स्वर्ग. रोमन लिपीला हे भेद ठाऊक नव्हते. शिवाय योरुबांत 'ए' दोन, 'ओ' दोन आणि 'स'-'श' असे दोन ध्वनि आहेत. पाय म्हणजे 'एसे' आणि पाप म्हणजे 'एशे'. अक्षराखालचा टिंब गळाला तर पापाचा पाय व्हावयास वेळ लागत नाहीं. देवनागरीच्या घरांत वाढलेल्या आपल्याला स आणि श हे जन्मतःच वेगळे वाटतात. तेथें मात्र त्यांसाठीं सभा घ्याव्या लागल्या. १८७५ सालीं लेगॉस येथें या लेखनपद्धतीचा विचार झाला, त्यांतही क्राउदर होताच. अक्षराखालीं टिंब द्यावयाची जी रीत त्या काळांत रुळली, ती आजही चालू आहे. सुरांच्या खुणा मात्र नित्याच्या छपाईंत बरेचदां गाळल्या जातात आणि वाचकाला त्या संदर्भानें भराव्या लागतात.

एवढें झाल्यावर उलट दिशेचा प्रवासही पाहूं. १८५९ सालीं आबेओकुटा येथें 'इवे इरोहिन' हें योरुबा वृत्तपत्र निघालें. पुढें १९३८ सालीं डी. ओ. फागुन्वा यांची 'ओग्बोजू ओदे निनू इग्बो इरुन्मोले' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. योरुबांत छापलेल्या पहिल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. तिच्या नांवांतील 'ओग्बोजू' म्हणजे शूर, आणि त्यांत डोळा आहे. 'निनू' म्हणजे आंत, आणि त्यांत पोट आहे. १९६८ सालीं वोले सोयिंका यांनीं तिचें इंग्रजी भाषांतर केलें. पुढें १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारा हा लेखक दोन्ही भाषांचा जाणकार. तरी इंग्रजी नांवांत तो डोळा आला नाहीं आणि तें पोटही आलें नाहीं, अरण्य आणि भुतें तेवढीं आलीं. यांत भाषांतरकाराची उणीव नाहीं. इंग्रजीजवळ त्या जागीं अवयवच नाहींत, ते तो आणणार कोठून?

क्राउदरचे अखेरचे दिवस सुखाचे गेले नाहींत. नायजर नदीवरील ज्या मिशनचा त्यानें इतकीं वर्षें भार वाहिला, तेथें १८९० च्या सुमारास तरुण इंग्रज मिशनरी आले. त्यांनीं त्याच्या माणसांवर अविश्वास दाखविला, कित्येकांस दूर केलें, आणि वृद्ध बिशपला अपमान गिळावा लागला. १८९१ सालच्या अखेरच्या दिवशीं लेगॉस येथें तो वारला. ज्यांनीं त्याला कमी लेखलें, त्यांच्याजवळ इंग्रजी रकाना पक्का होता. पण योरुबा माणूस रागावतो तेव्हां कोठें रागावतो, आणि दैवाला दोष देतो तेव्हां कोणत्या अवयवाला देतो, हें कागदावर आणलें तें गलबतांतून उतरलेल्या त्या पोरानें.

मी जन्मभर मुलांना इंग्रजी-मराठी भाषांतर शिकवीत आलों. इंग्रजी म्हण पाहिली कीं मुलें तिचे शब्द एकेक करून मराठींत उतरवितात, आणि मग मराठी वाक्य लंगडूं लागलें कीं आपली भाषाच तोकडी, असें म्हणून मोकळीं होतात. पुष्कळ मोठीं माणसेंही असेंच म्हणतात. योरुबा भाषेचा आणि आपल्या भाषेचा कुळाचा कांहीं संबंध नाहीं, मध्यें सारा समुद्र पडला आहे. तरी पोटाच्या, छातीच्या आणि कपाळाच्या बाबतींत त्यांचें बोलणें आपल्याला चटकन् कळतें आणि इंग्रजीलाच समजावून सांगावें लागतें. तेव्हां इंग्रजीची मांडणी हीच स्वाभाविक आणि बाकीच्यांची चमत्कारिक, हा भ्रम आपण टाकावा. घरांतील मुलांनीं एखादा मराठी वाक्प्रचार इंग्रजींत कसा म्हणावा असें विचारलें, तर आधीं त्यांना तो मराठींत कोण, केव्हां आणि कोणाला म्हणतो, तें विचारावें. उत्तराचा अर्धा वाटा त्यांतच हातीं येतो. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.